उघडता येणारी खुर्ची : उद्यमनगरातल्या आमच्या कारखान्याची वाटचाल

आमच्या घरात खुर्ची कुणी केली नव्हती. आप्पा पॅटर्नमेकर. शिवाजी उद्यमनगरात १९८१ साली त्यांनी भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केलं, त्या गाळ्यात आज आमचं फर्निचर तयार होतं. कोल्हापूरबाहेरच्यांना पॅटर्न म्हणजे काय ते सांगावं लागतं. फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्याआधी वाळूत जो आकार उमटवायचा, त्यासाठी त्या भागाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती लागते. तोच पॅटर्न. बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, अॅल्युमिनियम १३ मिलिमीटर. म्हणून पॅटर्नमेकरची मोजपट्टीच वेगळी असते, ती मुळात तेवढी वाढवलेली. शिवाय वाळू न मोडता पॅटर्न वर निघाला पाहिजे म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. हे सगळं आप्पा रंधा आणि पटाशीवर करायचे. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर ती पुढे शेकडो कास्टिंगमध्ये उतरते, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो.

आयटीआय करून मी १९९८ला त्यांच्या हाताखाली लागलो. दहा वर्षं बरी गेली. मग मोठ्या फाउंड्र्या सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कापलेले धातूचे पॅटर्न वापरू लागल्या आणि आमच्याकडे फक्त दुरुस्तीची कामं उरली. घर चालवायचं होतं. २०१०पासून मी सगळे करतात तेच करू लागलो: मॉड्युलर किचन, टीव्ही युनिट, भिंतीएवढी कपाटं. एमडीएफ, प्लाय, वर सनमायका. पैसे आले, दोन मशिनं आली. आप्पा गाळ्यावर यायचे, पण बोर्डाला हात लावायचे नाहीत.

ऑगस्ट २०१९ कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. उद्यमनगरात आमचा गाळा कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर मी शुक्रवार पेठेत एका जुन्या गिऱ्हाइकाकडे मदतीला गेलो. गल्लीत दोन्ही बाजूंना गाद्या, पुस्तकं आणि फुगलेल्या बोर्डांचा ढीग होता. त्या ढिगात माझं काम मला ओळखू आलं. हँडल मी निवडलेली होती, कडेची पट्टी माझ्या गाळ्यातल्या पोरांनी चिकटवलेली होती.

स्वस्त प्लायचा गोंद युरिया फॉर्मल्डिहाइडचा असतो, तो सततच्या पाण्यात सुटतो आणि थर वह्यांच्या पानांसारखे उघडतात. उकळत्या पाण्याला टिकणारा प्लाय फिनॉलिक गोंदाचा, तो महाग. एमडीएफ तर लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला. एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावरही मूळ मापावर येत नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. नदीपासून दोनशे पावलांवर राहणाऱ्या माणसाला मी ते सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी दर कमी करायला सांगितला होता आणि मला काम हवं होतं. याची टोचणी अजून आहे.

त्याच घरात आजींची सागवानी आरामखुर्ची होती, घडीची, मध्ये कापड लावायची. चार दिवस पाण्याखाली होती. वैनींनी कापड काढून टाकलं, सांगाडा चिखलातून धुतला, गच्चीवर सावलीत वाळवला. नवरात्रात त्यावर नवं कापड चढलं होतं आणि आजी त्यात बसल्या होत्या. मी ती खुर्ची उलटी करून बघितली. एक थेंब गोंद नाही. दांडे, खाचा आणि पितळेच्या चार चकत्या.

उलटी करून बघायची सवय जुनी. कामासाठी भोसरीला जायचो तेव्हा पुण्यातल्या एका इराणी हॉटेलात चहा व्हायचा. तिथल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मला फार आवडायच्या. त्या जातीची मूळ खुर्ची मिशाएल थोनेट यांची, १८५९ सालची, क्रमांक १४. अख्खी खुर्ची म्हणजे लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट. सुटे भाग केले की १ घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावत, आणि पोहोचल्यावर तिथलाच माणूस त्या जोडी. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं आणि वाकवताना बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी आवळायची, म्हणजे तंतू ताणून तुटत नाहीत, आतल्या बाजूनं दबले जातात. हे मला पूर आला तेव्हाही माहीत होतं. पण वाकवलेल्या लाकडाच्या डौलापुढे त्या दहा स्क्रूंकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

२०१९च्या दिवाळीनंतर मी किचनची नवी कामं घेणं बंद केलं. ठरवलं एकच: आमच्याकडून जाणारी प्रत्येक वस्तू घरातल्या माणसाला घरातल्या हत्यारानं उघडता आली पाहिजे, तिचा कुठलाही एक भाग बदलता आला पाहिजे. बायकोनं विचारलं, "आणि पगार?" तिचा प्रश्न बरोबर होता. पहिली दोन वर्षं पॅटर्न दुरुस्तीवर आणि तिच्या शिकवण्यांवर गेली.

पहिली चूक म्हणजे मी थोनेटच करायला गेलो. पत्र्याची पेटी आणि शेगडीवरची वाफ लावून सागवान वाकवू लागलो. दहातल्या सात फळ्या तडकल्या. सागवान बीचसारखा वाकत नाही, आणि भट्टीत वाळवलेलं लाकूड तर आणखी हट्टी. आप्पा बघत होते. म्हणाले, "दुसऱ्याच्या रानातलं झाड आपल्या चुलीवर का शिजवतोस?"

त्या वाक्यामुळे मी फिनलंडचा डिझायनर अल्वार आल्टो नीट वाचला. तिकडे बर्चची झाडं मुबलक, म्हणून हा माणूस बर्चवरच अडून राहिला. १९३३च्या त्याच्या तीन पायांच्या स्टुलाचा पाय सरळ बर्चच्या दांड्याचा. दांड्याच्या एका टोकाला रेषांच्या दिशेनं चिरा पाडायच्या, त्यात पातळ पापुद्रे गोंद लावून सरकवायचे आणि तेवढंच टोक काटकोनात वळवायचं. बाकीचा पाय भरीव. पाय बैठकीला खालून स्क्रूनं लागतात. आपल्या झाडाला काय जमतं ते ओळखून आकार काढायचा, हे मी त्यातून घेतलं. आमच्या पायांना आता बाभूळ असते. पूर्वी बैलगाडीची चाकं आणि नांगर तिचे असत. हत्याराची धार ती खाते, पण पायाला दुसरं लाकूड नको वाटतं. बैठकीच्या चौकटीला सागवान, कधी फणस.

मग बैठकीचा प्रश्न. वेत आम्ही विणून बघितला, चांगला झाला, पण विणणारा माणूस कोल्हापुरात मिळेना. बॉर्ग मोगेनसेन या डॅनिश डिझायनरची १९५८ सालची 'स्पॅनिश चेअर' मी फोटोत बघितली आणि थांबलो. ओकची जाड चौकट, रुंद सपाट हात, आणि बैठक व पाठ म्हणजे जाड खोगिरी चामड्याचे दोन सरळ तुकडे, बकलांनी आवळलेले. बसून बसून चामडं सैल पडलं की बकल एक भोक पुढे घ्यायचं. दुरुस्ती खुर्चीतच दिलेली आहे! आणि तसं चामडं, म्हणजे बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं, आमच्या गावात चपलेसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. गाळ्यापासून दहा मिनिटांवर.

सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिराकडे गेलो. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. अख्खी बैठक एका तुकड्याची करायची कल्पना त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "व्हईल, पन पोटाकडलं चामडं लागंल त्येला, आनि पोटाकडलं झोळीवानी लोंबतंय. पाठीचं घे. वाद्या काप." जनावराच्या कण्यालगतचं चामडं घट्ट, पोटाकडचं सैल. मोठा तुकडा घेतला की दोन्ही येतात. वाद्या कापल्या तर फक्त पाठीचा भाग वापरता येतो, आणि एक वादी तुटली तर एकच बदलावी लागते. आमच्या खुर्चीला आडव्या नऊ वाद्या आहेत त्या मामांमुळे. ती मोगेनसेनची खुर्ची राहिली नाही, हे मला समाधानाचं वाटतं.

पहिल्या पावसाळ्यात वाद्यांवर पांढरी बुरशी आली. आठ खुर्च्या परत आल्या. मामांनी कमावताना आणि नंतर तेलाचा हात कसा द्यायचा ते बदललं, आम्ही वाद्यांमधलं अंतर वाढवलं म्हणजे वारा खेळेल. आता गिऱ्हाइकाला जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा तेल लावायला सांगतो. चपलेला लावतात तसंच, म्हणून कुणाला शिकवावं लागत नाही.

राहिला सांधा. खाचेत कुसू बसवून गोंद लावला की सुतारकाम सुंदर होतं, पण उघडत नाही. नुसता बोल्ट लाकडात घातला तर दोन वर्षांत भोक मोठं होतं आणि खुर्ची डुगडुगते. लाकडाच्या दोन भागांमध्ये धातूचा कोपरा हवा होता, दोन्ही बाजूंना खोबण असलेला. बाजारात तसा नव्हता. एका संध्याकाळी आप्पांनी माझ्या कागदावरचं चित्र उचललं, कपाटातून अॅल्युमिनियमसाठीची ती वाढवलेली मोजपट्टी काढली आणि टेबलाशी बसले. सात वर्षांनी ते पॅटर्न करत होते. नजर कमी झालेली, पण बोटं फिरवून उतार तपासत होते. तीन दिवसांत पॅटर्न झाला. अजून तोच चालू आहे.

तो ओतून घेणं मात्र सोपं गेलं नाही. शिरोलीच्या फाउंड्र्यांचं बोलणं टनात. आमचा नग २०० ग्रॅमचा, आणि हवे होते साठ. चार ठिकाणी नकार मिळाला. पाचव्या ठिकाणच्या मालकांनी आप्पांना ओळखलं, एका पेटीत आठ नग निघतील अशी मॅचप्लेट, म्हणजे पॅटर्न बसवलेली पाटी, करायला सांगितली आणि दर दोन महिन्यांनी मोकळ्या वेळात ओतून द्यायचं कबूल केलं. मिश्रधातू एलएम ६, सिलिकॉन जास्त असलेला. पातळ कोपऱ्यात नीट भरतो आणि दमट हवेत लवकर खराब होत नाही. डिझायनर कोन्स्टांटिन ग्रचिच यांच्या २००४ सालच्या 'चेअर वन' खुर्चीची बैठक आणि पाठ अॅल्युमिनियम ओतून केलेली आहे. ती बघितल्यावर मला वाटलं होतं की ओतकामाच्या गावात आम्ही खुर्ची अजून का ओतली नाही. पूर्ण खुर्ची आम्हाला परवडणार नाही. पण कोपरा आमचा आहे.

एक गोष्ट पॅटर्नच्या धंद्यातली फार उपयोगी पडली. बीड एकदाच आकसतं. लाकूड दर उन्हाळ्यात आकसतं आणि दर पावसाळ्यात फुगतं, तेही रेषांना आडवं. म्हणून टेबलाच्या फळीला आम्ही गोल भोक पाडत नाही, लांबट खाच ठेवतो, बोल्ट तिच्यात सरकतो. आकसण्याचा हिशेब करूनच वस्तू करायची, ही सवय आप्पांनी लावलेली होती.

जुलै २०२१मध्ये पुन्हा पाणी आलं. शुक्रवार पेठेतलं तेच घर; त्यांनी आमचं जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्या घेतल्या होत्या. रात्री वैनींचा फोन आला की बाप-लेकांनी सगळं उघडून माडीवर नेलं. मी जाग्यावरच बसलो, बोलता येईना. पाणी उतरल्यावर जोडायला गेलो तर अकरा बोल्ट गायब आणि उरलेल्यांतले बरेच गंजलेले. ती आमची चूक होती. तेव्हापासून बोल्ट ३०४ स्टेनलेसचे, सगळे एकाच मापाचे, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम ८; आणि ते पूर्ण निघत नाहीत, कोपऱ्यातच अडकून राहतात.

गिऱ्हाईक फोनवर फोटो दाखवतं, बहुतेक वेळा चंदीगडच्या खुर्चीचा. पिएर जानरे यांनी १९५०च्या दशकात त्या शहरासाठी सागवान आणि वेताची ही खुर्ची केली, उलट्या व्हीसारखे पाय असलेली. सरकारी कचेऱ्यांनी भंगारात काढलेल्या त्या खुर्च्या पुढे परदेशी लिलावात लाखांना गेल्या. मला ती मनापासून आवडते, आमच्याच हवेत टिकलेली म्हणून तर जास्तच. पण नक्कल आम्ही करत नाही. वेत तुटलेली जुनी खरी खुर्ची कुणी आणली तर दुरुस्तीला बाहेरगावचा कारागीर गाठून देतो. डेन्मार्कची विशबोन खुर्ची १९५०पासून सलग तयार होते आहे, तिची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीनं हातानं विणतात आणि ती झिजली की पुन्हा विणता येते. अशा वस्तूंच्या किमती मी गिऱ्हाइकाला सांगतो आणि त्यांचं आयुष्यही सांगतो. आमची खुर्ची ९,८०० रुपयांना आहे. प्लास्टिकची याच्या दहाव्या हिश्श्यात मिळते, आणि ज्याला तेवढंच परवडतं त्याला मी दुसरं काही सुचवत नाही.

खुर्चीबरोबर एक कागद जातो. १९७४मध्ये एन्झो मारी या इटालियन डिझायनरनं साध्या फळ्या-खिळ्यांच्या फर्निचरचे आराखडे टपालखर्च पाठवेल त्याला देऊ केले होते, करून बघा म्हणून. आमच्या कागदावर सर्व भागांची मापं आहेत, वादीची लांबी-रुंदी-जाडी आहे. गडहिंग्लजच्या एका गिऱ्हाइकानं त्यावरून गावातल्या कारागिराकडून वादी करून घेतली आणि फोटो पाठवला. ती आमच्यापेक्षा जाड आहे. मामांना दाखवला, ते म्हणाले चालंल.

सध्या आम्ही सातजण आहोत, महिन्याला पंचवीस ते तीस खुर्च्या आणि चार-पाच टेबलं होतात. आप्पा सकाळी दोन तास येतात. पाळण्याचा कोपरा चालू आहे, त्याचा पॅटर्न त्यांनी दोनदा नापास केला. उतार कमी पडतो म्हणतात. मामांकडच्या वाद्या दिवाळीच्या तोंडावर चपलेच्या हंगामात अडकतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये दिलेली ऑर्डर डिसेंबरात मिळते. घाई असेल तर श्रावणात सांगा.