कोयनेच्या उशाला राहून टँकर कशाला लागतो?

पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीचा विषय निघाला की बाहेरची माणसं हमखास विचारतात, ‘धरण तुमच्या दारात, पाऊस एवढा धो धो, मग मे महिन्यात टँकर कशाला?’ तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पाऊस आहेच. कोयनानगर-नवजा पट्ट्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या आसपास पडतो; याच सातारा जिल्ह्यातल्या माणदेशात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. पण आमचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उतारानं निघून जातो. वाडी सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठाराच्या, कडेखाली. वर जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड, त्याखाली काळा कातळ. जांभ्यात पाणी मुरतं, कातळात फारसं उतरत नाही, म्हणून दोघांच्या सांध्याला झरा फुटतो. श्रावणात जागोजाग उपळं फुटलेली असतात. दिवाळीनंतर ती एकेक करून आटतात आणि होळीपर्यंत सगळी वाडी एकाच झऱ्यावर येते. तिथं बायका वाटीनं पाणी भरून हंडा भरतात, रात्रीसुद्धा. नेमकी तेव्हाच मुंबईची माणसं लग्नाला, जत्रेला घरी येतात.

धरणाचं म्हणाल, तर 105 टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) शिवसागर जलाशय आम्हाला दिसतो, पण खाली. त्यातलं बरंच पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वीजघरांत जातं आणि वाशिष्ठीला मिळतं. ते वर चढवायचं तर पंप, पाइप आणि दरमहा वीजबिल. मोजक्या उंबऱ्यांच्या वाडीला कसं झेपणार?

माझं ठाम मत आहे, की पैसा झऱ्यावर आणि छपरावर घालावा. झऱ्याच्या वरचं रान तोडू नये, सड्यावरचा जांभा यंत्र लावून काढू नये. आणि पत्र्याला पन्हाळी लावावी. हिशेब करून बघा: 400 चौरस फुटांच्या पत्र्यावर आमच्याकडे वर्षाला पावणेदोन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला 100 लिटर धरले, तर 10,000 लिटरचं झाकलेलं टाकं शंभर दिवस पुरतं. म्हणजे फेब्रुवारीअखेर ते जूनच्या तोंडापर्यंत, झऱ्यावर न जाता.

अडचण आहे ती सिमेंट-वाळू चढावर डोक्यावरून नेण्याची. उन्हाळ्यात मुंबईची तरणी पोरं घरी असतात, तेव्हाच हे काम काढायला हवं.