ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल : डब्यावर नेमकं काय वाचायचं

गाडी पंधरा-वीस वर्षं चालवायची असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितोय. इंजिन ऑइलबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात, ब्रँड, ग्रेड, सिंथेटिक का मिनरल सगळं, पण गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑइल आहे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. आणि जुन्या ऑटोमॅटिक गाड्या भंगारात जातात त्या बऱ्याचदा इंजिनमुळे जातच नाहीत, गिअरबॉक्स गेला आणि तो उघडून दुरुस्त करायचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ पोचला की मालक हात टेकतो. म्हणून मला वाटतं की गाडी टिकवायची तर सगळ्यात जास्त विचार एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडचा करावा.

हे ऑइल एकाच वेळी बरीच कामं करतं. गिअर आणि बेअरिंगला वंगण हे तर झालंच, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद पुढे जाते ती या ऑइलमधूनच, व्हॉल्व्ह बॉडीतलं, म्हणजे ऑइल हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागातलं, प्रेशर याचंच, उष्णता बाहेर काढणंही याचंच काम. पण खरी गोम आहे ती क्लच पॅकमध्ये. तिथे स्टीलच्या प्लेट आणि घर्षणाचं अस्तर असलेल्या प्लेट ऑइलमध्ये बुडलेल्या असतात आणि गिअर बदलताना त्या एकमेकींना पकडतात. पकड फार जोरात बसली तर झटका, हळू बसली तर प्लेट घसरत राहतात आणि अस्तर जळतं. म्हणजे या ऑइलला निसरडं पण राहायचंय आणि पकडू पण द्यायचंय, आणि ते किती ते कंपनीने त्या ठरावीक गिअरबॉक्ससाठी ठरवलेलं असतं, कॉम्प्युटरचं सगळं गणित त्यावरच बसवलेलं असतं. ऑइलमध्ये घातलेले फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण हवं तेवढं ठेवणारी रसायनं, हे काम करतात. म्हणून "घट्ट ऑइल चांगलं" किंवा "फुल सिंथेटिक आहे ना मग चालेल" हे निकष इथे अपुरे पडतात.

याचा इतिहास पण मजेदार आहे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये टाइप ए नावाचं स्पेक, म्हणजे ऑइल कसं असावं याचं मानक, काढलं, १९६८ च्या मॉडेल्सपासून डेक्सरॉन आलं. त्या काळात फ्रिक्शन मॉडिफायर म्हणून चक्क स्पर्म व्हेलचं तेल वापरायचे, आणि ७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर अख्खा फॉर्म्युला बदलावा लागला. फोर्डचं टाइप एफ तर अगदी उलट्या विचाराचं, त्यात फ्रिक्शन मॉडिफायर नाहीत, पकड कडक. दोन्ही दिसायला लाल, दोन्हीवर एटीएफ लिहिलेलं, पण एकाच्या जागी दुसरं घातलं की गिअर बदलण्याचा अनुभवच बदलतो.

आता जुन्याऐवजी नवीन स्पेक घालता येतं का, तर याचं एकच एक उत्तर नाही. डेक्सरॉन ६ हे जनरल मोटर्सने स्वतः डेक्सरॉन ३ च्या जागी चालतं असं सांगितलंय. होंडाचं डीडब्ल्यू-१ हे झेड-१ ची जागा घेतं. पण टोयोटाचं डब्ल्यूएस हे त्यांचंच जुनं टी-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये घालायचं नाही, ते नवीन असलं तरी. त्यामुळे "नवीन म्हणजे वरचं" असा अंदाज न बांधता मॅन्युअल उघडायचं आणि तिथे जे नाव आहे तेच शोधायचं. डेक्सरॉन ३ बद्दल आणखी एक गोष्ट, जनरल मोटर्सने त्याचं लायसन्स देणं २००६ च्या शेवटी बंद केलं, म्हणजे आज बाजारात जे काही डेक्सरॉन ३ म्हणून मिळतं त्याच्यामागे जनरल मोटर्सची तपासणी उरलेली नाही, डब्यावर जे लिहिलंय तो ते ऑइल बनवणाऱ्याचा शब्द. डेक्सरॉन ६ च्या डब्यावर मात्र इंग्रजी J अक्षराने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो मी आवर्जून बघतो.

पातळ ऑइलची भीती पण बऱ्याच जणांना असते. जुनी ऑइलं १०० डिग्री सेल्सिअसला साधारण ७ ते ७.५ सेंटीस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) असायची, डेक्सरॉन ६ ला ६.४ ची वरची मर्यादा आहे, डब्ल्यूएससारखी त्याहून पातळ. पातळ ऑइल ढवळायला कमी ताकद लागते म्हणून मायलेज थोडं सुधारतं, आणि जुनी घट्ट ऑइलं वापरता वापरता शिअर होऊन, म्हणजे गिअरमध्ये चिरडली जाऊन, पातळ व्हायचीच, नवीन ऑइल आपली व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, बरीच चांगली टिकवून धरतं. तेव्हा पातळ सांगितलं असेल तर पातळच घालावं, जास्त टिकावं म्हणून घट्ट घालण्यात काहीच अर्थ नाही.

मल्टी-व्हेइकल ऑइलचं काय? डब्याच्या मागे वीस-पंचवीस स्पेकची यादी असते. इथे शब्द नीट वाचायचे. "अप्रूव्ह्ड" किंवा "लायसन्स्ड" म्हणजे गाडीच्या किंवा गिअरबॉक्सच्या कंपनीने तपासलंय, "सुटेबल फॉर" किंवा "रेकमेंडेड फॉर" म्हणजे ऑइल विकणारा म्हणतोय. यातली काही ऑइलं खरंच उत्तम असतात, चांगल्या कंपन्या मेहनत घेतात, पण मला विचाराल तर गाडी लांब पल्ल्याची आहे आणि हे ऑइल काही दर सहा महिन्यांनी बदलायचं नसतं, तर दोन पैसे जास्त देऊन नेमकं स्पेकचं किंवा अप्रूव्हल असलेलंच घ्यावं. आणि झटके घालवणारी, गळती थांबवणारी बाटलीतली औषधं अजिबात घालू नयेत, ज्या घर्षणाचं एवढं गणित बसवलंय त्यात ती ढवळाढवळ करतात.

ऑटोमॅटिक म्हणजे नक्की कुठलं हेही आधी बघायचं. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, स्टीलचा पट्टा पुलीला धरून चालतो, तिथे धातूवर धातूची पकड लागते, त्याला सीव्हीटीचंच ऑइल, साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरून पुली खराब होते. एएमटी मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा बदलते, त्याला गिअर ऑइल. डीसीटीमध्ये, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये, ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच असेल तर त्याचं वेगळं.

आता "लाइफटाइम फिल". ऑइल बदलायचंच नाही, म्हणे. पण कुणाचं लाइफ? झेडएफ ही कंपनी कितीतरी मोठ्या ब्रँडना गिअरबॉक्स पुरवते आणि ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा फार तर ८ वर्षांनी ऑइल बदला असं सांगते. ऑइलचा शत्रू उष्णता. ढोबळ हिशोब असा की तापमान दर १० डिग्रीने वाढलं की ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑइल खराब होण्याचा, वेग साधारण दुप्पट होतो. ट्रॅफिक, घाट, ट्रेलर ओढणं असलं काही रोजचं असेल तर मी आकड्यांची खालची बाजू धरतो. फ्रिक्शन मॉडिफायर संपत आले की पहिली खूण बऱ्याचदा लॉक-अप क्लचची (टॉर्क कन्व्हर्टरमधला, इंजिन थेट जोडणारा क्लच), मध्यम वेगात हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला की बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरते. हे वेळेत पकडलं तर नुसतं ऑइल बदलून बऱ्याचदा थांबतं. रंगावर मात्र फार जाऊ नका, काही ऑइलं लवकर काळवंडतात तरी ठीक असतात, जळका वास ही जास्त खरी खूण. आणि ऑइल दुधाळ गुलाबी दिसलं तर कूलंट मिसळलंय, गाडी तिथेच थांबवायची.

बदलताना ड्रेन प्लगमधून सगळं ऑइल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरंच राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं, तर एकदा बदलून ६० टक्के जुनं उरतं, मध्ये थोडं चालवून दुसऱ्यांदा केलं की ३६, तिसऱ्यांदा साधारण २२. मला ही हळूहळू बदलायची पद्धत पटते, प्रेशरच्या मशीनपेक्षा. लाखो किलोमीटर कधीच न बदललेल्या आणि आधीच घसरणाऱ्या गिअरबॉक्समध्ये मात्र नवीन ऑइल चमत्कार करणार नाही, तिथे लोक म्हणतात "ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला", पण अस्तर आधीच संपलेलं असतं. पॅन उघडलाच तर आतल्या लोहचुंबकावर बघा, राखाडी बारीक लगदा चालतो, धातूचे तुकडे असतील तर आधी जाणकाराला दाखवा.

शेवटी लेव्हल, आणि इथे घाई करू नका. ऑइल तापलं की फुगतं, म्हणून लेव्हल ठरावीक तापमानालाच बघायची. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू ठेवून, कित्येक होंडांमध्ये गरम इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात, आणि डिपस्टिकच नसेल तर सपाट जागेवर इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत, मॅन्युअलमध्ये दिलेल्या रेंजमध्ये आल्यावर ओव्हरफ्लो प्लग (जास्तीचं ऑइल बाहेर येतं ते बूच) उघडायचा. जास्त भरलं तर फेस होतो, कमी भरलं तर पंप हवा ओढतो, आणि दोन्हीत प्रेशर पडून क्लच घसरतात. निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोजून ठेवा, तेवढंच परत भरा आणि मग लेव्हल बघून थोडं कमी-जास्त करा.