आबांबरोबर तीन शनिवार : मिनेसोटातल्या छोट्या कॉलेजांचा फुटबॉल हंगाम

आबा जूनमध्ये कोल्हापूरहून आमच्याकडे मिनिआपोलिसला आले. आल्यावर त्यांना व्यावसायिक संघाचं ते काचेचं भलंमोठं स्टेडियम बाहेरून दाखवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ह्यात हितली पोरं किती?" मी म्हटलं, फार नसतील, देशभरातून घेतात. आबांचा उत्साह तिथंच मावळला. तरुणपणी ते पेठेतल्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळलेले. पोरगं कुणाचं, राहतं कुठल्या गल्लीत, हे माहीत असल्याशिवाय त्यांना मॅच बघितल्यासारखं वाटत नाही.

म्हणून मी त्यांना 'मायॅक', म्हणजे इथल्या छोट्या कॉलेजांच्या गटाचे सामने, दाखवायचं ठरवलं. पूर्ण नाव मिनेसोटा इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स, स्थापना १९२०. ही कॉलेजं अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी आहे, त्यामुळे पोरं स्वतःची फी भरून शिकतात आणि शनिवारी खेळतात. कार्लटन आणि मॅकॅलेस्टरमध्ये देशभरातून विद्यार्थी येतात. बाकी बहुतेक ठिकाणी मिनेसोटा आणि शेजारच्या राज्यांतल्या गावांतलीच मुलं दिसतात. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघाचे दहा सामने होतात.

हा अमेरिकन फुटबॉल आहे. नियम समजावताना मला कबड्डी कामाला आली. ज्या संघाकडे चेंडू, त्याला चार चढाया. चारांत मिळून दहा यार्ड पुढं सरकलं की पुन्हा नव्या चार. शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण आणि वर एक किंवा दोन कमावायची संधी. खांबांमधून लाथ मारून चेंडू पाठवला तर तीन. एवढ्यावर आबांनी पहिल्या अर्ध्या तासात खेळ पकडला. तुमच्याबरोबर भारतातून आलेले वडीलधारे असतील तर सुरुवात इथूनच करा.

पहिला शनिवार नॉर्थफील्डचा. मिनिआपोलिसहून आय-३५ महामार्गाने दक्षिणेला आणि मग १९ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला, पाऊण-एक तास. कॅनन नदीकाठचं छोटं गाव, पण कॉलेजं दोन : कार्लटन आणि टेकडीवरचं सेंट ओलाफ. गावात न्याहारीच्या सीरियलचा जुना कारखाना आहे, वारा तसा असला की भाजल्या धान्याचा गोड वास सुटतो. दोन्ही कॉलेजांच्या सामन्याचं नावच त्यावरून पडलंय, 'सीरियल बोल'. जिंकणाऱ्याला बोकडाची ट्रॉफी मिळते आणि चौकातल्या यादवी युद्धाच्या स्मारकावरचा गरुड जिंकलेल्या कॉलेजकडे तोंड करून बसवतात. आम्ही गेलो तो सामना या दोघांमधला नव्हता, तरी आबांनी आधी गरुडाचं तोंड कुणीकडं आहे ते बघून घेतलं. आपल्याकडं दोन पेठांमध्ये असं काही असतं तर त्या गरुडाला रात्री राखण ठेवावी लागली असती, असं त्यांचं मत पडलं.

याच दोन संघांनी १७ सप्टेंबर १९७७ ला मीटरमध्ये आखलेल्या मैदानावर सामना खेळला होता. अमेरिका मेट्रिककडे वळेल अशी तेव्हा आशा होती, आणि ही कल्पना कार्लटनच्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांची. खेळाडूंची उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत. सेंट ओलाफ ४३-० ने जिंकलं. देश यार्डातच राहिला, पण मीटरमध्ये शिकलेल्या माणसाला हा सामना जवळचा वाटतो.

नॉर्थफील्डला जाताना सकाळी दहालाच पोचा. चौक, नदीवरचे पूल आणि पुस्तकांची दुकानं पायी बघून होतात, आणि सामना बहुतेक वेळा दुपारी एकला असतो.

दुसरा शनिवार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला, कॉलेजव्हिलचा. एकच सामना बघायचा असेल तर हाच बघा. आय-९४ ने वायव्येला साधारण १३० किलोमीटर, दीड तास. महामार्गावरून उतरलात की समोर जंगल, आणि जंगलात बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ. साधू मिनेसोटात १८५६ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी सेंट जॉन्स कॉलेजची सुरुवात केली. मठाची हजारो एकर जमीन आजही जंगल, तळी आणि गवताळ रान म्हणून राखलेली आहे. या आठवड्यात मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल-केशरी होतात. आबा गाडीतून उतरले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले.

क्लेमेन्स स्टेडियम या झाडीतच, जमिनीच्या नैसर्गिक खोलगटात बसवलंय. तिन्ही बाजूंना उतार आणि मागं झाडं. बसायची अधिकृत सोय साडेसात हजारांच्या आसपास, पण मोठ्या सामन्याला लोक उतारावर चादरी टाकून बसतात. तिसऱ्या श्रेणीत सर्वाधिक प्रेक्षक खेचणाऱ्या कॉलेजांत सेंट जॉन्सचं नाव कायम असतं. लाल स्वेटर घातलेले सत्तरीचे आजोबा, त्यांचे मुलगे, त्यांची नातवंडं, सगळे एकाच कॉलेजचे. शेजारच्या एका आजोबांनी आबांना आपल्या थर्मासमधली कॉफी दिली आणि आपला नातू कितव्या नंबरचा ते बोट करून दाखवलं. पुढचे तीन तास आबांनी त्या एकाच नंबरवर नजर ठेवली.

इथं जॉन गॅग्लियार्डींबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षी, शाळेचे प्रशिक्षक युद्धावर गेले म्हणून या मुलानं संघ हाती घेतला. १९५३ ते २०१२ अशी साठ वर्षं ते सेंट जॉन्सचे प्रशिक्षक होते. एकूण ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कुणाचेच नाहीत. चार राष्ट्रीय विजेतेपदं : १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. शेवटच्या वेळी त्यांनी सलग ५५ सामने जिंकत आलेल्या माउंट युनियनला २४-६ असं हरवलं. आणि हे सगळं सरावात कुणाला एकदाही खाली न पाडता. सरावात टॅकल (धरून पाडणं) नाही, शिट्टी नाही, दमवणारे व्यायाम नाहीत, 'कोच' म्हणायचं नाही, सरळ 'जॉन' म्हणायचं. पोरं जायबंदी झाली नाहीत आणि त्यांना खेळाचा कंटाळा आला नाही, तर ती शनिवारी जीव तोडून खेळतील, हा त्यांचा हिशोब.

आबा जोर-बैठकांवर वाढलेले. हे ऐकून ते गप्प झाले. अर्ध्या वाटेवर परत येताना म्हणाले, "आमच्या वस्तादांनी हे ऐकलं असतं तर माझा गुडघा आज जाग्यावर असता."

मठाच्या चर्चसाठी सामन्याआधी तासभर राखून ठेवा. मार्सेल ब्रॉयर या वास्तुरचनाकाराचं हे काम, १९६१ मध्ये पूर्ण झालेलं. पुढं ११२ फूट उंचीचा काँक्रीटचा घंटाफलक, आत एक अख्खी भिंत षटकोनी रंगीत काचांची. शेजारच्या हस्तलिखित संग्रहालयात सेंट जॉन्सचं बायबल आहे, हातानं लिहून आणि रंगवून २०११ मध्ये पूर्ण केलेलं. केरळातल्या सिरियाक भाषेतल्या हस्तलिखितांच्या जतनाचं कामही या संस्थेनं केलंय. साधूंच्या पाककृतीचा 'जॉनी ब्रेड' मिळाला तर दोन घ्या, एक घरी पोचत नाही.

एक दुखरी गोष्ट. सेंट जॉन्सचा खरा सामना असायचा तो सेंट पॉलच्या सेंट थॉमसशी. २३ सप्टेंबर २०१७ ला तो मिनिआपोलिसच्या बेसबॉलच्या मैदानात झाला, ३७,३५५ लोक आले, तिसऱ्या श्रेणीतला विक्रम. सेंट थॉमस २०-१७ ने जिंकलं. पण सेंट थॉमस बाकीच्यांपेक्षा फार मोठं झालं होतं. त्याच हंगामात त्यांनी सेंट ओलाफला ९७-० हरवलं. २०१९ मध्ये त्यांना गटातून बाहेर पडायला सांगण्यात आलं, आणि २०२१ पासून ते थेट पहिल्या श्रेणीत खेळतात. छोट्या कॉलेजांची अडचण मला कळते. शंभर गुणांच्या फरकानं हरून कुणाचं भलं होत नाही. तरीही आमने-सामने शंभर वर्षांचं वैर असं तोडायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी शेजारचे आजोबाही हेच म्हणाले.

तिसरा शनिवार ऑक्टोबरच्या मध्यात, मूरहेडचा. कॉनकॉर्डिया कॉलेज, टोपणनाव 'कॉबर्स', चिन्ह मक्याचं कणीस. आय-९४ नेच सरळ, पण ३८० किलोमीटर. साडेतीन तास धरा आणि एक मुक्काम करा. हॉटेल ठरवण्याआधी नदीपलीकडच्या फार्गोत त्या शनिवारी नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाचा घरचा सामना आहे का ते बघा. असेल तर खोल्या मिळत नाहीत किंवा दुप्पट पडतात.

सामना चांगला झाला, पण आबांच्या लक्षात राहिला तो रस्ता. ऑक्टोबर म्हणजे रेड नदीच्या खोऱ्यात साखरेच्या बीटचा हंगाम. मूरहेडजवळ पोचलो तसे बीटनं शिगोशीग भरलेले ट्रक, रस्त्यावर सांडलेले गड्डे, साखर कारखान्याची वाफ आणि वास. कारखान्याचं मुख्यालय मूरहेडमध्येच आहे आणि १९७३ पासून तो बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्याच मालकीचा, सहकारी. आबांना हे सांगितल्यावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरून एक गड्डा हातात घेतला, वजन बघितलं आणि विचारलं, "टनाला दर काय देत्यात?" मला सांगता आलं नाही. या दिवसांत ट्रकच्या मागं अंतर राखून चालवा. पावसानंतर रस्त्यावर चिखल येतो आणि तो निसरडा असतो.

उरलेलं थोडक्यात. बाकं अ‍ॅल्युमिनियमची असतात. ऑक्टोबरपासून ती बर्फासारखी गार पडतात, म्हणून खाली घालायला जाड काहीतरी न्याच. आम्ही घरची वाकळ नेली, शेजारच्यांनी ती हात लावून बघितली. मैदानात सॉसेज आणि हॉट डॉगच जास्त. शाकाहारी असाल तर थालीपीठ-दह्याचा डबा पार्किंगमध्येच उरकून आत जा. पिशवीचे नियम आणि तिकीट त्या कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या पानावर आदल्या दिवशी बघा, होमकमिंगच्या (माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या) शनिवारी तर नक्कीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. तेव्हा शुक्रवारी दुपारनंतर आय-९४ वर निघू नका, आणि संध्याकाळी रस्त्यावर हरणं येतात हे लक्षात ठेवा. कॉलेजव्हिलहून परतताना मेपल ग्रोव्हचं हिंदू मंदिर वाटेपासून जवळ आहे. आबांचा तिथं थांबा ठरलेलाच असायचा.

ऑक्टोबरअखेर आबा परत गेले. सामने इंटरनेटवर दिसतात, हे मी त्यांच्या फोनवर लावून दिलं होतं. दुपारी एकचा सामना कोल्हापुरात रात्री साडेअकराला सुरू होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथलं घड्याळ एक तास मागं गेलं, आणि त्या आठवड्यात शुक्रवारीच त्यांचा फोन आला. "आता साडेबारा का रे? आणि त्या म्हाताऱ्याच्या नातवाचा पाय कसाय, गेल्या मॅचला लंगडत होता."