आडव्या ताळेबंदाची दिशा

जळगाव जिल्ह्यातील एका सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेचे जुने छापील वार्षिक अहवाल संगणकावर शोधता येतील असे करून देण्याचे काम आमच्याकडे होते. पाने स्कॅन झाली होती, चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या संगणक-प्रणालीने मजकूरही ओळखला होता. त्या दिवशी संस्थेचे चिटणीस आप्पा कार्यालयात आले आणि त्यांनी सांगितलेले एका सभासदाचे नाव शोधात काही केल्या येईना. "भाऊ, ते नाव मी स्वतः यादीत वाचलेलं आहे," असे ते ठामपणे म्हणाले.

सभासदांची यादी ताळेबंदाप्रमाणेच उभ्या पानावर आडवी छापलेली होती. टेसरॅक्ट पानाची दिशा ०, ९०, १८० किंवा २७० अंश यांपैकी एक ठरवते आणि सोबत खात्रीचा आकडाही देते. या पानांसाठी तो आकडा अगदी कमी होता आणि निवडलेली दिशा नेमकी विरुद्ध होती, त्यामुळे फिरवलेले पान उलटे होऊन नावांच्या जागी निरर्थक अक्षरे उमटली होती. ही दिशा अक्षरे ओळखून ठरवली जाते, आणि या तक्त्यांत अक्षरे थोडी, भागभांडवलाचे आकडे मात्र रकानेच्या रकाने भरून होते.

देवनागरीत शिरोरेषेचा आधार आहे, आणि मराठी कागदांसाठी तो आधी घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पान सरळ किंवा उलटे असेल, तर आडव्या ओळींतील काळ्या ठिपक्यांची बेरीज शिरोरेषेपाशी एकदम उसळते; पान कुशीवर असेल, तर ती उसळी उभ्या बेरजेत दिसते. सरळ की उलटे, हे रेषेच्या दोन्ही बाजूंच्या शाईवरून कळते, कारण अक्षराचा मुख्य भाग रेषेखाली असतो आणि वर वेलांटी, मात्रा, रफार यांसारखी चिन्हेच. अडचण तक्त्याच्या आखणीची होती, कारण तिच्या रेषाही तशीच उसळी देतात. परंतु आखणीची रेष दूरवर अखंड जाते आणि शिरोरेषा शब्दागणिक तुटते, म्हणून लांब अखंड रेषा आधी पुसून मगच बेरीज केली.

पाने सरळ झाली, मजकूर पुन्हा ओळखून घेतला आणि आप्पांनी सांगितलेले नाव सापडले. निव्वळ आकड्यांच्या पानांना शिरोरेषा नसते. त्यांची दिशा आम्ही रकान्यांच्या शीर्षकांवरून ठरवतो, आणि शीर्षकही नसेल तेथे पान डोळ्यांनी पाहूनच पुढे पाठवतो.