पंखा फिरत होता, वारा येत नव्हता

गेल्या वर्षी मे महिन्यात, नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानले जाणारे नऊ दिवस) सुरू व्हायला दोन दिवस असताना, माझा लॅपटॉप काम करता करता अचानक बंद पडू लागला. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत बारावीच्या मुलांसाठी घरीच पाठांचे व्हिडिओ तयार करतो. कूलरचा आवाज माइकमध्ये शिरतो म्हणून त्या वेळी तो बंद ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात कूलर बंद ठेवलेल्या खोलीची अर्ध्या तासात काय अवस्था होते, हे विदर्भातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पाठ बोलून झाला, तुकडे जोडून झाले आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची एक अखंड फाइल बनवायला लावला, की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला पडदा काळा होई. ना सूचना, ना निरोप. वीज गेल्यावर दिवा विझतो तसे. लगेच बटण दाबले तर काहीच होत नसे, पण पंधरा मिनिटांनी तोच लॅपटॉप जणू काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होई.

या पंधरा मिनिटांतच खरे उत्तर दडलेले होते, परंतु ते मला दिसले नाही, याची आजही थोडी लाज वाटते. मी आधी चार्जरवर संशय घेतला, मग बॅटरीवर, मग एखाद्या व्हायरसवर, आणि एक अख्खा रविवार खर्चून विंडोज नव्याने टाकले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद वारंवार दिसत होती. पण संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही. शेवटी बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डी बाजारातल्या, एका दुकानात गेलो. तिथल्या गृहस्थांनी लॅपटॉप न उघडताच निदान केले, "सर, बोर्ड गेला तुमचा. ११ हजार लागतील, त्यापेक्षा नवाच घेऊन टाका." ज्या यंत्राचा बोर्ड गेला आहे ते पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने बरे कसे होते, हा प्रश्न मला सुचला तो घरी परतताना, सिग्नलवर उन्हात थांबलो असताना.

मग मी तेच केले, जे प्रयोगशाळेत मुलांना पहिल्या दिवसापासून सांगत असतो: आधी मोजले. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम प्रोसेसरच्या आतील तापमान दाखवतो आणि त्याची नोंद फाइलमध्येही ठेवतो. नुसता लॅपटॉप सुरू ठेवला असता तापमान ६४ अंश होते. एक्स्पोर्ट सुरू करताच ते एका मिनिटाच्या आत ९८ वर गेले. आता, मे २०२४च्या अखेरीस आमच्याच नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती आणि ती संवेदकातील बिघाडामुळे झालेली चूक असल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले, हे लक्षात असल्यामुळे एकाच आकड्यावर विसंबायला मन तयार होईना. दुसरा प्रोग्राम लावून उपयोग नव्हता, कारण तोही त्याच संवेदकाकडून आकडा घेणार. म्हणून प्रयोगशाळेतील साधा तापमापक लॅपटॉपच्या मागच्या झरोक्यापाशी धरला. आतला पंखा घोंघावत होता, आत जवळजवळ शंभर अंश होते, आणि झरोक्याशी मात्र पारा खोलीच्या ३९ अंशांवरून जेमतेम ४२ वर सरकला. टिश्यू पेपरची पट्टी धरली, तर ती हललीसुद्धा नाही.

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय५-८२५०यू हा प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ असून कामाचा भार आला की तो ३.४ पर्यंत चढतो. तापमान १०० अंशांना टेकले की तो स्वतःचा वेग कमी करून उष्णता आवरू पाहतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर हार्डवेअरच वीज तोडते, म्हणून पडद्यावर कोणताही संदेश उमटत नाही. थोडक्यात, लॅपटॉप बिघडला म्हणून बंद पडत नव्हता, तर बिघडू नये म्हणून बंद पडत होता. मुळात १५ वॅटच्या अशा प्रोसेसरला वेग कमी केल्यावर सहसा निभावून नेता येते. तरीही तो बंद पडत असेल, तर उष्णतेची बाहेर जाण्याची वाटच बुजली आहे असे समजावे.

व्हिडिओ मुलांना वेळेवर द्यायचे होते, म्हणून तात्पुरता उपाय आधी केला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ ठेवली, की वेगाची ती वरची उडी बंद होते. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वरच्या वेगासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते. त्यामुळे वेगात जेवढे गमावतो त्याहून कितीतरी अधिक उष्णतेत वाचवतो. २२ मिनिटांच्या कामाला ३७ मिनिटे लागली, पण ते पूर्ण झाले. याच काळात एका विद्यार्थ्याने लॅपटॉप दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला दिला. बर्फाच्या पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम का फुटतो, हे त्याला परीक्षेत विचारीन असे मी सांगितले.

वॉरंटी केव्हाच संपली होती, म्हणून रविवारी लॅपटॉप स्वतःच उघडला. खालचे अकरा स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे होते आणि त्यांतले दोन रबरी पायांखाली लपलेले होते. कागदावर तळाचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवला. सर्वांत आधी बॅटरीची पिन काढली. पंखा सोडवला, तर त्याच्या आणि तांब्याच्या पातळ पत्र्यांच्या जाळीच्या मध्ये राखाडी नमद्यासारखा एक थर बसलेला होता, चिमट्याने धरताच अखंड पट्टीसारखा निघून आला. त्यात धूळ होती, चादरीचे तंतू होते आणि, माझा अंदाज चुकत नसेल तर, कूलरच्या ताट्यांमधल्या गवताचा भुसाही होता. गादीवर ठेवून वापरलेल्या पाच वर्षांचा तो हिशेब होता. जे लोक अशा वेळी खाली पंखे असलेला स्टँड विकत घेतात, त्यांना मी दोष देत नाही, पण आतली जाळी बुजलेली असताना बाहेरून वारा घालणे म्हणजे रजई पांघरलेल्या माणसाला पंखा घालणे.

कॅमेऱ्याच्या हातपंपाने उरलेली धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण जोराच्या झोताने ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळीही काढली. प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा असते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५ हजार पटींनी चांगले उष्णतावाहक आहे, तेव्हा त्या पोकळ्या भरणे किती गरजेचे आहे ते कळते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली आणि स्क्रू त्यांच्याशेजारी कोरलेल्या १, २, ३, ४ या क्रमाने थोडेथोडे आवळले. बॅटरी फुगलेली नाही ना, हेही पाहून घेतले. ती फुगलेली असती तर मी तिथेच थांबलो असतो. सारा खर्च ६५० रुपयांच्या आत झाला.

झाकण लावून पूर्ण वेगाने तोच व्हिडिओ एक्स्पोर्ट केला. तापमान ८९ अंशांवर स्थिरावले, झरोक्याशी तापमापक ६० दाखवू लागला आणि टिश्यूची पट्टी फडफडू लागली. आता लॅपटॉप लाकडी पाटावर असतो, मागच्या बाजूला दोन सेंटिमीटर उंच.

जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना तोच व्हिडिओ पुन्हा एक्स्पोर्ट करून पाहिला, तेव्हा प्रोसेसर ७१ वर थांबला. यंदा मे महिन्यात खोली ३९ अंशांवर होती आणि आकडा आला ८९. खोलीत १७ अंशांची वाढ, प्रोसेसरमध्ये १८ अंशांची. तो आलेख मी बारावीच्या उष्मागतिकीच्या पहिल्या तासाला दाखवतो.