चकलीचा रील आणि बोर्नव्हिटाची साखर

आज चकल्या पाडतानाचा रील टाकला. संध्याकाळपर्यंत नागपूरहूनही ऑर्डर! जाहिरातीला दमडी लागली नाही.

तेवढ्यात एका ताईंची कमेंट: 'मागच्या चकल्या मऊ निघाल्या.' भाची म्हणाली, 'मावशी, डिलीट कर.'

नाही केली. 2023 मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवर एकाने व्हिडिओ केला, कंपनीने कायदेशीर नोटीस धाडली, त्याने व्हिडिओ काढलाही. पण तोवर तो घरोघरी पोचला होता. वर्ष सरता सरता साखर कमी करावी लागलीच. एवढ्या मोठ्या कंपनीला झाकता आलं नाही, माझं काय घेऊन बसलात!

कमेंटखालीच लिहिलं, 'ताई, पत्ता इनबॉक्स करा, ताज्या पाठवते.'

आता तिथेच लोक मोहन किती घालता विचारताहेत. ते मात्र सांगणार नाही 😄