अल्पाइन टाक्याचा क्लच: काम अस्तरापर्यंत आलं

क्लचचं (हातात धरायच्या छोट्या पर्सचं) अंग क्रोशाने विणून झालं, धुऊन-ताणून वाळलं, हँडलही तयार आहे. आता अस्तर कापायला घेतलंय, म्हणून इथवरचं टिपून ठेवते. टाक्यांची नावं अमेरिकन पद्धतीची: मुका खांब म्हणजे सिंगल क्रोशे आणि खांब म्हणजे डबल क्रोशे.

उठावाचा टाका निवडताना मी फक्त सुलट बाजू बघितली नाही, उलट बाजूही बघितली. बॉबल सुरेख दिसतो, पण त्याच्या मागे खळगा पडतो आणि तिथे अस्तर टेकत नाही. पफचे लांब सैल फेरे अंगठीत, नखात, किल्लीत अडकतात. हातात वागवायच्या वस्तूला ते काय कामाचे? पॉपकॉर्न घट्ट बसतो खरा, पण प्रत्येक दाण्याला सुई काढून पुन्हा घालायची. बास्केटवीव्ह दोन्हीकडून जाड होतो आणि सूत तर अक्षरशः खातो. अल्पाइनचं बरं असं की सगळा उठाव सुलट बाजूला येतो आणि मागची बाजू बऱ्यापैकी सपाट राहते. अस्तर लावायचं असेल तर माझं मत डोळे मिटून अल्पाइनला.

सूत मर्सराइज्ड (कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने चमक आणलेलं) कॉटन, फिकट आणि एकरंगी. गडद रंगात उठावाची सावली दिसत नाही, आणि रंग बदलत जाणाऱ्या सुतात टाका कुठे आणि रंग कुठे हेच कळत नाही. (मर्सरायझेशनचं पेटंट जॉन मर्सरने 1850 मध्ये घेतलं, पण त्याच्या प्रक्रियेत सूत आटायचं. नंतर होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली आणि चमक आली. आपण सूत हातात घेऊन हरखतो ते या ताणामुळे.)

लेबलवर 4 ते 5 मिमीची सुई सांगितली आहे. पिशवीसाठी एवढी सैल वीण मला चालत नाही. साध्या भागाला 3.5 आणि अल्पाइनच्या भागाला 4 मिमी घेतली, कारण समोरून घेतलेले खांब (म्हणजे खालच्या ओळीतल्या खांबाभोवती समोरून सुई फिरवून घेतलेले) कापड आत ओढतात. एकाच सुईने दोन्ही विणलं तर पट्टीला मधेच कंबर येते. 3.5 वर 10 सेंमीत 18 मुके खांब बसतात, म्हणून 49 टाके धरले, रुंदी 27 सेंमी. अल्पाइनला विषम संख्या लागते, तीही साधली.

टाका असा: पहिली ओळ खांबांची, सुलट बाजूने. दुसरी मुक्या खांबांची. तिसरीत एक साधा खांब, एक समोरून, एक साधा, एक समोरून, शेवट साध्याने. पाचवीत अदलाबदल, आणि दोन्ही टोकांना दोन-दोन साधे. प्रत्येक सम ओळ मुक्या खांबांचीच. समोरचा खांब घेताना सुई दोन ओळी खालच्या साध्या खांबाच्या उजवीकडून आत घालायची, त्याच्या पाठीमागून न्यायची आणि डावीकडे बाहेर काढायची. पुढचं सगळं कौशल्य त्या पहिल्या फेऱ्यात आहे. तो ओढून चालू ओळीच्या उंचीपर्यंत आणला नाही तर खालचा खांब दबतो आणि कापडाला सुरकुती पडते. जास्त ओढला तर खांब लोंबतो आणि चौकटीचा कोन जातो. आणि त्या खांबाच्या मागे दडलेला मुका खांब सोडून द्यायचा. तिथेही टाका घेतला तर ओळीगणिक टाके वाढत जातात. सहाव्या-सातव्या ओळीपर्यंत हे विशेष काही वाटत नाही, मग एकदम तिरके चौकोन उठून दिसायला लागतात. तोवर धीर धरा.

अख्खा क्लच ही एकच पट्टी आहे: समोरचा भाग 15 सेंमी, तळ 2, पाठ 15, मोड (झाकण वळतं ती घडी) दीड आणि झाकण 10. सुरुवात समोरच्या तोंडापासून केली, तीही मुद्दाम. तिथून विणकाम खाली उतरतं, तळाला वळतं, पाठीवरून वर चढतं आणि मोडीवरून पुन्हा समोर उतरतं. त्यामुळे समोरच्या भागाचा आणि झाकणाचा टाका एकाच दिशेने येतो. पाठीचा तेवढा उलटा येतो, पण पाठ आणि पोट एकदम कुणी बघत नाही.

सगळीकडे उठाव मात्र दिलेला नाही. उठावाच्या पिशव्या बेढब दिसतात त्या बहुतेक अशाच ठिकाणी, जिथे टाका थांबायला हवा होता आणि थांबला नाही. तळ आणि मोड निव्वळ मुक्या खांबांचे ठेवले, कारण जाड टाका वळत नाही, फुगतो. समोरच्या भागाचे वरचे 9 सेंमी झाकणाखाली जातात, तेही सपाट. तिथे उठाव दिला असता तर उठावावर उठाव बसून झाकण उघडं राहिलं असतं. पट्टीच्या दोन्ही कडांना अल्पाइनचे टोकाचे साधे खांब आहेतच, ते जोडणीला पुरतात.

धुऊन, टाचण्या लावून, मोजून वाळवलं. उठावावर इस्त्री अजिबात नाही. वाफेने कॉटन निदान सपाट होऊन पुन्हा धुता येतं, ॲक्रिलिक असेल तर ते मरतंच, परत उठत नाही. बाजू बाहेरून दोन्ही थरांतून मुक्या खांबांनी जोडल्या आणि त्यावर उलट्या दिशेने, डावीकडून उजवीकडे, क्रॅब टाक्याची ओळ घातली. दोरीसारखी कड येते आणि बाजू उभी राहते.

हँडल मनगटात घालायचं आहे. आखूड साखळीवर ओळीमागून ओळ चढवत नेलेली पट्टी वजनाने लांबत जाते, म्हणून लांबीच्या दिशेने विणली: 72 टाके, 7 ओळी, साधारण 40 सेंमी. दीड सेंमी रुंदीची ट्विल टेप (न ताणणारी कापडी पट्टी) आत ठेवून पट्टी तिच्याभोवती दुमडली आणि कडा स्लिप टाक्याने बंद केल्या. टेप पट्टीपेक्षा अर्धा सेंमी आखूड घेतली. म्हणजे ओझं आधी टेपवर येतं, विणकामावर नाही. हँडल निघावं म्हणून बाजूच्या जोडणीत डी-रिंगचा (इंग्रजी D आकाराच्या कडीचा) छोटा पट्टा अडकवलाय. त्याच्या आतली टेप तीन सेंमी खोल, विणकाम आणि अस्तर यांच्या मधे जाते आणि चौकोन व आत फुली अशी शिवली जाते. नुसती विणकामाला शिवली असती तर रिंगने तेवढाच कोपरा ओढून काढला असता.

आता अस्तर. जाडसर सुती कापड आधी धुऊन घेतलं, कारण आटायचं ते पिशवीत शिरण्याआधी आटू दे. सॅटिन नको: घसरतं, उसवतं आणि वर हातशिलाईचा प्रत्येक टाका दाखवतं. रंग ठरवायला नमुन्याचा तुकडा कापडावर ठेवून उजेडाकडे धरला. साध्या भागातून काही दिसत नाही, पण अल्पाइनच्या खांबांच्या मुळाशी बारीक भोकं आहेत आणि गडद कापड तिथून ठिपक्यांसारखं डोकावतं. सुताच्याच जातकुळीतला रंग घेतला.

माप घेताना बाहेरची रुंदी धरायची नाही. जोडणीने दोन्ही बाजूंना एकेक टाका खाल्लाय, आतून 26 सेंमी उरतात. तयार अस्तर त्याहूनही अर्धा सेंमी कमी हवं, नाहीतर तळाशी त्याचा झोळ होतो आणि किल्ल्या तिथे जाऊन बसतात. म्हणून साडेपंचवीस, आणि दोन्हीकडे दीड-दीड सेंमी शिलाई धरून कापताना साडेअठ्ठावीस. झाकणाची रुंदी 27च आहे, त्यामुळे तिथे दोन्ही कडांना पाऊण सेंमी विणकाम मोकळं राहील. ते मला आवडतं, अस्तर बाहेर डोकावत नाही. फ्यूजिंग (अस्तराला इस्त्रीने चिकटवायचं ताठ कापड) फक्त पाठीला आणि झाकणाला, मोडीची दीड सेंमी पट्टी सोडून. खिसा बाजू शिवण्याआधी लावून टाकायचा.

मॅग्नेट बटणाचं घोडं तेवढं अडलंय. बटणाचा समोरच्या बाजूचा अर्धा भाग अस्तर आत घालण्याआधी बसवावा लागतो: बटणामागचे धातूचे पाय विणकामातून आत, मागे फेल्टचा तुकडा, पाय बाहेरच्या बाजूला दुमडून वर आणखी एक फेल्ट. झाकणाकडचा भाग मात्र इतक्यात नाही. रिकाम्या क्लचवर जागा ठरवली तर फोन आणि पाकीट घातल्यावर झाकण वर सरकतं आणि बटण भेटतच नाही. तेव्हा अस्तर आत कच्च्या टाक्याने धरायचं, रोजचं सामान भरायचं, झाकण सहज पडेल तिथे खडूने खूण करायची, मग बटण अस्तरात बसवून झाकणाची कड शिवायची.